रंभा मोड आणि माझी मालमत्ता

मी, विभावरी दत्तात्रय आगटे, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, मूळची रत्नागिरीची, गेली तेवीस वर्षे राहणार आखातातील उम्म अल कुवैन, धंदा शाळेतील ग्रंथपाल, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा भाचा धनंजय हे वाचल्यावर सर्वात आधी तीच शंका काढील. पोटातल्या गाठीमुळे मला येती दिवाळी दिसणार नाही, असे त्याच डॉक्टरांनी सांगितले आणि वर इन्शाल्ला म्हणाले. ते इन्शाल्ला नेमके कशासाठी होते, हे मी विचारले नाही.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही धनंजयला दिले होते आणि ज्याची प्रत त्याने लॅमिनेट करून ठेवली आहे, ते या लेखाने रद्द झाले असे समजावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या शाळेचे माजी लेखापाल मोहिद्दीन यांनी करावी. ते केरळचे आहेत. माझ्या गावचे नाहीत, जातीचे नाहीत आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे तर मुळीच नाहीत, म्हणूनच त्यांना निवडले. त्यांच्यासाठी हिंदी प्रत वेगळी केली आहे.

कलम २. भाचेसून साधना हिला माझा फ्रीज द्यावा. त्याचे दार नीट लागत नाही. माझ्या सहा पैठण्यांवर तिचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे. त्या शाळेतल्या आयांना वाटाव्यात. त्यांनी त्या कापून उशांचे अभ्रे शिवले तरी माझी हरकत नाही.

कलम ३. धनंजय हा येथील एका कारखान्याचा मॅनेजर असून दहा वर्षे मंडळाचा सेक्रेटरी आहे. लहानपणी त्याला अक्षरओळख मी करून दिली. हा माझा दोष मी कबूल करते. त्याला मंडळाच्या गेल्या वर्षीच्या स्मरणिकेची माझी प्रत द्यावी. तीत त्याचा 'आपला परिसर' हा लेख आहे. शुद्धलेखनाच्या अडतीस चुका मी लाल शाईने दाखवल्या आहेत. एकोणचाळिसावी चूक शुद्धलेखनाची नाही. त्याच्या व्हिलाजवळच्या वळणाला सगळे टॅक्सीवाले 'रंभा मोड' म्हणतात. धनंजय लिहितो की तेथे पूर्वी रंभा साडी सेंटर होते, त्यावरून हे नाव पडले. मी येथे आले तेव्हा त्या वळणावर वाळू, पाण्याची एक टाकी आणि बकऱ्या होत्या. साड्या कोण नेसत होते, बकऱ्या?

कलम ४. माझी सर्व पुस्तके धनंजयचा मुलगा अथर्व यास द्यावीत. तो मराठीत ऐकतो आणि इंग्रजीत उत्तर देतो, पण निदान प्रश्न तरी विचारतो. गेल्या महिन्यात मला म्हणाला, "आजी, रंभा मोड इज जस्ट सम ओल्ड सारी शॉप, राइट?" मी म्हटले, दुकानाचा मालक कोण होता ते बाबाला विचार. तो म्हणाला, "आय डिड. ही सेड डोन्ट आस्क सिली थिंग्ज." म्हणून अथर्वने पुढचे कलम वाचावे. न समजल्यास मोहिद्दीन यांनी इंग्रजीत समजावून द्यावे.

कलम ५. या कलमात मालमत्ता नाही.

आमच्या शाळेत नोरीन नावाची आयरिश बाई इतिहास शिकवी. दुपारी ग्रंथालयात बसून ती मला तिच्या देशातल्या जुन्या वीरकथा सांगे. त्या लोकांची एक खोड मला फार आवडली. त्यांच्याकडे प्रत्येक टेकडी, ओढा आणि उतार याला नाव असते, आणि ते नाव का पडले हे सांगणारी गोष्ट असते. बहुतेक वेळा तेथे कोणी तरी मेलेले असते. पुष्कळदा ती बाई असते आणि पुष्कळदा लाजेने मेलेली असते. मी नोरीनला म्हटले, तुमच्या बायका फारच नाजूक.

त्यातली एक गोष्ट अशी. एका नवऱ्याने राजाच्या जत्रेत फुशारकी मारली की माझी बायको राजाच्या घोड्यांपेक्षा जोरात धावते. राजाने नवऱ्याला धरून ठेवले आणि बायकोला बोलावणे पाठवले. तिचे दिवस भरले होते. ती जमलेल्या सगळ्यांना म्हणाली, तुम्हा प्रत्येकाला एका आईने जन्म दिला आहे, मला बाळंत होईपर्यंत थांबा. कोणी थांबले नाही. ती धावली, जिंकली, तेथेच जुळ्यांना जन्म दिला आणि मेली. त्या जागेला अजून तिच्या जुळ्यांचे नाव आहे. मरताना तिने त्या शूर पुरुषांना शाप दिला की शत्रू दारात आला म्हणजे तुम्हालाच बाळंतकळा येतील, आणि नऊ पिढ्या तसे झाले. मी नोरीनला विचारले, एवढ्या गर्दीत एकही माणूस बोलला नाही? हे काही पटत नाही. नोरीन म्हणाली, "दे हॅड कम टु सी अ रेस, विभा."

हे १९९३ साली. पुढच्या वर्षीची गणेश चतुर्थी शुक्रवारी आली. सुट्टीचा दिवस म्हणून मंडळाचा गणपती धनंजयच्या व्हिलात बसवला होता. त्याचा ड्रायव्हर भिकाजी आणि स्वयंपाकीण म्हणजे भिकाजीची बायको रंभा, दोघे कुडाळकडची. रंभाला आठवा महिना होता आणि पहाटेपासून ती ओट्याशी उभी होती. साधनाने मुंबईहून मोदकांचे साचे आणले होते, ते सगळ्या बायकांना दाखवणे चालले होते. भिकाजी नारळ घेऊन आत आला आणि हसून म्हणाला, "साचे कित्याक? आमची रंभा हातान करता, एकवीस पाकळ्यांचे. तुमच्या साच्याक ऐकूची नाय." भिकाजीची फुशारकी एवढीच.

धनंजय म्हणाला, "अरे वा! लागली पैज. एकशे एक मोदक. ही एकटी आणि साचे घेऊन तिघी." भिकाजीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "साहेब, मस्करी केलंय. तिका आता जमूचा नाय." धनंजय हसत हसत म्हणाला, "व्हिसा रिन्यू करायचाय ना रे? मग? यल्ला, चल, नारळ सोल जा." दोघांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात होते. सगळे हसले. मंडळाच्या सभासदांना विनोद चटकन कळतो.

वेळ बघायला मला बसवले, कारण माझे घड्याळ बरोबर असते. पाहुणे स्वयंपाकघराच्या दारात गर्दी करून उभे राहिले, कोणी टाळ्या वाजवत होते, कोणी फोटो काढत होते. रंभाचे नव्वद झाले तेव्हा तिने ओट्याची कड धरली आणि माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "बाई, तुमी तरी सांगा. माका जरा बसाक व्हया."

नोरीनची गोष्ट त्या क्षणी मला आठवली. आठवली नाही असे लिहिले तर ती या कागदावरची सर्वात मोठी लबाडी होईल. शब्द न् शब्द आठवली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला लाज वाटली, पैज मोडणारी म्हातारी मास्तरीण व्हायची लाज. मी म्हटले, "अगं, आता अकराच तर राहिलेत."

तिने अकरा केले. जिंकली. साचेवाल्यांचे अजून पंचवीस बाकी होते. शेवटचा मोदक ताटात ठेवून ती खाली बसली आणि तिच्याखालची फरशी ओली झाली. पाहुण्यांत एक डॉक्टर होते, ते सोवळे नेसून पूजेला बसले होते. त्यांनी आतूनच विचारले, "आरतीनंतर बघितलं तर चालेल का?" साधना म्हणाली, "घरात गणपती बसलाय, इथे विटाळ नको. आधी बाहेर काढा तिला." धनंजयच्या गाडीला नव्या सीटा होत्या, म्हणून रस्त्यावरून टॅक्सी थांबवली. टॅक्सी मुश्ताकची. त्याने विचारले नाही की बाई कोणाची, सीट कोण धुणार. पण रंभा इस्पितळापर्यंत पोचली नाही. त्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, तिला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. भिकाजी आणि मुश्ताक दोघांनी मुलीला भिकाजीच्या शर्टात गुंडाळले. रंभा तेथेच गेली.

इकडे आरती झाली, जेवणे झाली. एकशे एकातला एकही मोदक उरला नाही. त्यातले दोन मी खाल्ले. बातमी नंतर आली.

आयरिश वीरांना निदान शाप बाधला. आमच्या मंडळींचे पोटसुद्धा दुखले नाही. त्या लोकांत बाई लाजेने मरे. आमच्यात लाज ज्याची त्याला कधी वाटत नाही, ती स्वयंपाकिणीच्या नावे करून मोकळे होता येते. "तिनं आधी सांगायला नको होतं का?" हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान वीस तोंडांतून ऐकले.

मुश्ताक मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या वळणाला रंभा मोड म्हणू लागला. बाकीच्या टॅक्सीवाल्यांनी विचारले, त्याने सांगितले, आणि नाव रुळले. आता मंडळाच्या नव्या सभागृहाच्या निमंत्रणावर धनंजय त्या जागेला 'गणेश टर्न' छापणार आहे. मुश्ताकला हे सांगितले तर तो म्हणाला, "मॅडम, छापने दो. सवारी तो मैं वहीं उतारूँगा जहाँ उतारता हूँ."

कलम ६. रत्नागिरीचा माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेतील ठेवी व शाळेकडून मिळालेली रक्कम हे सर्व रंभाची मुलगी संजना हिला द्यावे. तिला दहावे वर्ष चालू असून ती कुडाळला आत्याकडे वाढते. ती अठरा वर्षांची होईपर्यंत मोहिद्दीन यांनी व्यवहार पाहावा. आई तापाने गेली असे तिला सांगितलेले आहे. कलम पाच तिला वाचायला मिळावे अशी माझी इच्छा आहे. मात्र ते कधी व कसे, हे ठरवण्याचा हक्क मला नाही.

कलम ७. माझी शोकसभा मंडळाने घेऊ नये. घेतल्यास धनंजयने भाषण करू नये. त्याने भाषण केल्यास हे मृत्युपत्र तेथेच मोठ्याने वाचावे, आणि चहा त्यानंतर द्यावा, म्हणजे कोणी उठून जाणार नाही.

कलम ८. रंभाच्या मृत्यूनंतर धनंजयने भिकाजीला महिन्याभरात काढून टाकले. तो आता दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो आणि तेथील कामगारांच्या कॅम्पात राहतो. दर महिन्याला एका शुक्रवारी तीन बस बदलून माझ्याकडे येतो, कोकम आणतो, संजनाची पत्रे वाचून दाखवतो. गेल्या दहा वर्षांत माझ्या घरी मनापासून आलेले माणूस तेवढे एकच. त्या दिवशी चूक झाली ती आपल्या एकट्याच्या तोंडाची, त्या फुशारकीची, असे तो धरून चालतो. रंभा माझ्याशी बोलली होती हे त्याला ठाऊक नाही. तेव्हा तो अंगणात नारळ सोलत होता. त्याची समजूत अशी की त्या घरात एकट्या बाईच, म्हणजे मी, बऱ्या होत्या, आणि ही समजूत मी दहा वर्षे मोडली नाही, कारण मला त्याचे येणे हवे होते. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही, हे मोहिद्दीन यांनी मला दोनदा सांगितले. तरीही भिकाजीने हा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा आणि मग सही करावी किंवा करू नये. केली नाही तर दुसरा साक्षीदार बघावा.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, वाचून व समजून सही करून ठेवले आहे.

ठिकाण : उम्म अल कुवैन
दिनांक : शुक्रवार, २१ मे २००४

(सही) विभावरी दत्तात्रय आगटे

साक्षीदार पहिला : मुश्ताक, टॅक्सीचालक. मजकूर हिंदीतून वाचून दाखवला. सही उर्दूत केली आहे.

साक्षीदार दुसरा : भिकाजी सोनू परब. सही खाली केली आहे. त्याखालील ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या असून, त्या तशाच राहू द्याव्यात असे बाईंनी सांगितले :

सगळे वाचले. रंभा बाईंशी बोलली होती हे मला आज कळाले. सही साक्षीदार म्हणून केली आहे. पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. पोरीला काय झाले ते मी स्वतः सांगीन, बाईंचे पण सांगीन.