पिंजऱ्यातली कॉफी

चि. धाकटीस दादाचा आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांचा खोकला थांबला का? आणि मी लावलेल्या लिंबाला फुलं धरली का?

परवा मुलगा, सूनबाई आणि मी कॉफीचा मळा बघायला गेलो होतो. झाडं छान होती गं, पण मागच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि दुर्गंधीनं डोकंच उठलं. एवढ्याशा पिंजऱ्यात एक उदमांजर गोल गोल फिरत होतं. त्याला कॉफीची फळं चारायची आणि त्याच्या विष्ठेतल्या बिया धुऊन भाजायच्या. ती म्हणे सगळ्यात भारी कॉफी!

मळेवाला कौतुकानं म्हणाला, "रानात हे पिकलेलंच फळ निवडून खातं. इथं आम्ही टाकू ते खातं."

"मग सोडा की त्याला," मी म्हटलं.

मुलगा हसला. "बाबा, आयतं खायला मिळतंय, डोक्यावर छप्पर आहे. आणखी काय पाहिजे?"

धाकटे, मी इथं त्याच्याकडेच कायमचं राहावं म्हणून त्यानं तुला फोन केला, तेव्हा माझ्याबद्दल हेच बोलला होता. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच बसलो होतो. तू "खरंय रे" म्हणालीस.

सूनबाईंनी त्याच कॉफीचा कप पुढे केला. मला अशी शिसारी आली, की मी तो तिथंच मातीत ओतला.

मला तुझ्याकडे परत यायचंय. माझी खोली झाडून ठेव.

हे पत्र टपालात टाकायला मुलाच्याच हाती द्यावं लागेल, तेव्हा ते उशीखालीच राहणार. तरी उत्तर लवकर लिही गं.

तुझा,
दादा