घरातल्या घरात

चेन्नई,
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बालाजीमामांना जयंतीचा साष्टांग नमस्कार.

इथे सगळे बरे आहेत. बाबांची साखर ताब्यात आहे, धाकट्या सुष्मिताची परीक्षा संपली, आणि आवणी महिन्यातला माझ्या लग्नाचा मुहूर्त ठरल्यापासून आईने घर डोक्यावर घेतलंय. मामींचा गुडघा कसा आहे? फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच "बरं बरं, बघू" म्हणता आणि आईला बोलवायला सांगता. सुट्टीत तंजावरला बसवून तुम्हीच मला मराठी लिहायला शिकवलंत, तेव्हा आता वाचा.

गेल्या शनिवारी आई मला टी. नगरला लग्नाची साडी घ्यायला घेऊन गेली. दुकानात लिफ्टपुढे ही गर्दी, म्हणून जिन्याने निघालो. दुसऱ्या मजल्याआधीच माझ्या पोटऱ्या आवळल्या, छाती धडधडायला लागली आणि मी पायरीवरच बसले. मागच्या बायकांना आई तमिळमध्ये सांगत होती, "तिचा उपास आहे हो." कसला उपास? सकाळी भरपेट इडल्या खाऊन निघाले होते. मला इतका संताप आला की साडी न बघताच परत आले.

तुम्हाला आजाराचं नाव माहीत आहे, आईने सांगितलंय. पण तो काय आहे हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. प्रत्येकाच्या स्नायूत साखरेचा साठा असतो. माझाही आहे, पण मला तो फोडता येत नाही, कारण त्याला लागणारं एक द्रव्य माझ्या स्नायूत तयारच होत नाही. त्यामुळे पहिली काही मिनिटं स्नायू उपाशी राबतात. शाळेत खेळाच्या बाई मला सगळ्यांसमोर 'सोंबेरी' म्हणायच्या, आळशी. घरीही कोणी वेगळं म्हणालं नाही.

डॉक्टर विद्युलतांनी मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं. आठव्या मिनिटाला मी म्हटलं, बस्स. त्या म्हणाल्या, "थांबू नकोस. वेग कमी कर, पण चाल." आणि मामा, थोड्याच वेळात पाय मोकळे झाले! धडधड उतरली. मी हसायलाच लागले. मग त्यांनी समजावलं. उपाशी स्नायू गप्प बसत नाही. तो पोटॅशियम सोडतो, अ‍ॅडेनोसिन सोडतो. रक्तनळ्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. ही रसायनं जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना सैल करतात, आणि रक्त बाहेरून साखर आणि चरबी घेऊन येतं. धावताना इतरांच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं आणि तेही वाहिन्या सैल करतं, माझ्यात ते होत नाही. तरी अडत नाही. एक निरोप्या आला नाही, तर बाकीचे येतात.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. व्यायाम करताना मेंदूकडून सगळ्या वाहिन्यांना हुकूम सुटलेला असतो, आवळून घ्या. राबणारा स्नायू आपल्यापुरता तो हुकूम मानत नाही. पोटात, कातडीत हुकूम चालतो. पोटरीत पोटरीचंच चालतं. हे ऐकल्यापासून मी ताठ मानेने चालते. ओरगडमला मी काम करते त्या कारखान्याच्या फाटकापासून ब्रेक तपासायच्या विभागापर्यंत कंपनीची गाडी असते, ती सोडून मी सावकाश पायी जाते. मध्ये थांबले तर लोक बघतात. बघू देत.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही आईला म्हणालात, "बाहेर कुणाला कळायला कशाला पाहिजे? घरातली पोर घरातच राहील. आमचा अक्षत तिला जिने चढायला लावणार नाही." आईच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती तुमच्या उपकाराखाली दबली. मी शेजारीच उभी होते. भाचीला सून करायची आपली रीत आहे; पण तुम्ही रीत पाळत नव्हता, झाकण घालत होता. आई-बाबाही आते-मामे भावंडंच. दोघांकडून एकेक बिघडलेला अंश, म्हणजे जनुक, आला, म्हणून मी अशी.

मला अक्षत आवडतो. हे पहिल्यांदाच कुणाला लिहितेय, आणि तेही तुम्हाला. पण मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अप्पा म्हणतील तसं." म्हणजे तुम्ही. मग मी दोन रात्री रडले आणि ठरवलं. लपवण्यासाठी केलेलं लग्न मला नको. माझ्या नकारानंतर सुष्मिताचं नावही काढायचं नाही. तिची आणि अक्षतची तपासणी झाल्याशिवाय तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणी असं आहे का? आई "नाही" म्हणाली. मी "आहे" म्हटलं.

स्वामीमलैला सगळे पायऱ्या चढून वर देवळात जायचे आणि तुम्ही खाली चपला राखत बसायचात. तुमच्यासारखा भाविक माणूस! आजोबांची जीप चिखलात रुतली तेव्हा तुम्ही ती ढकललीत आणि दोन दिवस लघवी कॉफीसारखी काळी झाली. मामींनी ते आईला सांगितलं, आईने मला. "उन्हाने झालं," म्हणालात. स्नायू फाटले की तसं होतं मामा. मूत्रपिंडं जाऊ शकतात. मी डॉक्टर नाही, पण तुमच्यासारखं चालणं मी आरशात पाहिलंय. आणि तुम्हाला हा आजार असेल, तर एक अंश अक्षतकडे आलेलाच आहे. आमच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. हे ठाऊक असताना तुमच्या शब्दाखातर मी पोर जन्माला घालणार नाही.

तुम्हालाही कुणी सोंबेरी म्हटलं असेल. त्या पोरासाठी मला वाईट वाटतं. पण त्या पोराची लाज मी आयुष्यभर वागवावी, हे मला मान्य नाही.

मुहूर्त मोडल्याचं आईला आजच सांगितलंय. येत्या रविवारी मी तंजावरला येतेय, तपासणीची चिठ्ठी घेऊन. सकाळी आपण शिवगंगा बागेपर्यंत चालू, सावकाश. अक्षतला बरोबर घ्या. पोटऱ्या आवळल्या तर उन्हाचं, पोटाचं काही सांगू नका. त्याच्यादेखत थांबा.

तुमची भाची, आणि भाचीच,
जयंती