गोदावरीत सोडलेली चावी

६ एप्रिल १९८३
आले: पितळी चाव्या तीन, गंजगोलाईच्या बाजारातून, सहा रुपये. मशीनच्या तेलाची कुपी, दीड रुपया. कापूर, चार आणे. टँकरचे पाणी दोन घागरी, फुकट. सकाळ रांगेत गेली.

फटफटीची चावी मी यांच्या अस्थींबरोबर नांदेडला गोदावरीत सोडली. माणसाची आवडती वस्तू त्याच्याबरोबर द्यावी, अशी आमच्यात रीत. यांना या जुन्या जावा फटफटीपेक्षा प्रिय काही नव्हते. चावी बंडीच्या खिशात असे, झोपतानासुद्धा. मग तीच दिली. त्यात चूक नाही. फक्त आधी दुसरी करून घ्यायला हवी होती. खिशात एक खिळाही निघाला. वाया कशाला, म्हणून त्यावर यांचा फोटो टांगला.

चावी अजून डोळ्यांपुढे लख्ख आहे. बोटभर, जाड, वर ७ आकडा. चावीवाल्याला पाटीवर काढून दाखवली. त्याने तीन प्रकारे कापून दिल्या. एक बसणारच. मी मॅट्रिक आहे, माझे माप चुकत नाही.

संकल्प: शनिवारी धाकटे दीर देविदासभाऊजी अहमदपूरहून येतील, गाडी त्यांना देऊन टाकायची. घरात उभी राहिली की जीव तिच्यात अडकतो. यांचा. माझा नाही.

९ एप्रिल
भाऊजी चाव्या पाहून हसतच सुटले. म्हणाले, वहिनी, हिला तर गोल भोक हाय, पेन्सिलीएवढं. ही दाराच्या कुलपाची चावी दिसतीय. मी म्हटले, धूळ बसली असेल. तेल सोडले. सगळे खाली गळाले, फरशीही खराब. मग म्हणे, खिळा घालून बघू का? मी म्हटले, यांच्या गाडीत खिळा घालायला ही काय बैलगाडी आहे? चहा न घेताच गेले. तेवढी साखर वाचली.

भाऊजींना यंत्रातले कळत नाही.

१२ एप्रिल, दुपार
पाणी घेऊन आले तर फटफटीचा दिवा लागलेला. भर उन्हाचा. वर झाकलेले लुगडे बाजूला, सीटवर धुळीचा कण नाही. घरात फक्त आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आत भिंतीकडे तोंड करून निजलेल्या.

चावीशिवाय दिवा लागत नाही. चावी ज्यांना दिली त्यांच्याकडे.

डोळे मिटून रामरक्षा म्हटली. उघडले तरी दिवा चालूच. ओट्यावर जाऊन बसले. परत आले तेव्हा विझलेला.

मी घाबरले नाही. गाडीजवळ तांब्याभर पाणी ठेवले.

१४ एप्रिल, पाडवा
गुढी नाही, वर्ष सरायचे आहे. तांब्या रिकामा. नांदेडहून एवढ्या उन्हाचे यायचे म्हणजे तहान लागणारच. उद्यापासून दोन तांबे. मी आंघोळ एक दिवसाआड करीन.

गाडी कोणालाच द्यायची नाही. तसा माझा विचार पहिल्यापासूनच होता.

डाळमिलच्या वसुलीला हे महिन्यातून दोन रात्री नांदेडला जात. चौदा वर्षांच्या जमाखर्चात लॉजचा एक पैसा नाही. असा काटकसरी माणूस लातुरात दाखवावा. कुठे उतरता विचारले तर म्हणत, देव सोय करतो.

१८ एप्रिल
दिवा पुन्हा लागला. दुरूनच हात जोडले.

शेषेरावांची आठवण झाली. हे यांचे नांदेडचे मित्र. घाटावर मी अस्थींच्या फडक्यात चावी बांधू लागले तर हातच धरला. वहिनी, तेवढी चावी माझ्याकडं द्या, लागंल कुणाला तरी. डोळा होता फटफटीवर, दुसरे काय! मुद्दाम त्यांच्यासमोर सोडली. दुष्काळाची नदी, गुडघाभर पाणी. तरी बुडाली.

२३ एप्रिल, एकादशी
टँकर आलाच नाही. रिकामी घागर घेऊन लवकर परतले.

आत्याबाई फटफटीवर. मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, जशा यांच्या मागे बसत तशा. दिवा लागलेला. मांडीवर माझा तांब्या. स्विचच्या भोकात त्यांचे कानकोरणे.

मी म्हटले, चावी तर गोदावरीत आहे. म्हणाल्या, अगं, हिला चावी कुठली? किल्लारीच्या जत्रंत हरवली तव्हापासून खिळा घालून फिरवीत व्हता लेकरू. माझं कानकोरणं बी चालतंय. दिवा लावला की वाटतं, आला.

मी विचारले, मग खिशातली कशाची?

त्यांनी कानकोरणे काढून पदराला पुसले. दिवा गेला. म्हणाल्या, सोडलीस न्हवं नदीत? मग सुटलीस.

खिळा भिंतीत आहे. खाली हे हसताहेत.

२४ एप्रिल
शांतपणे विचार केला. नांदेडच्या भजनी मंडळाची पेटी असणार, टाळ-मृदंगाची. यांना भजन येत नव्हते. शिकत असतील.

पत्र टाकले. नक्कल:

शेषेरावभाऊंना नमस्कार. घाटावर झाले ते मनात ठेवू नये. ७ नंबरची पेटी वा खोली जे काही असेल, त्याचे कुलूप कोणी तोडू नये. आमचा पत्ता आता जिल्हा लातूर लिहावा, उस्मानाबाद लिहिले की पत्र भलतीकडे जाते. तिथे कोणी राहत असल्यास त्यांच्याजवळ दुसरी चावी आहे का, एवढे उलट टपाली कळवावे.