मध्यंतरानंतरची बाई

अण्णा,

तुमचा तो इंग्रजी सिनेमा मी मागच्या रविवारी अखेर बघितला. नाव तुम्ही कधी धड सांगितलंच नव्हतं. साठ-सत्तरच्या दरम्यानचा, रॉक अँड रोल गाणारा, केसांचा कोंबडा काढलेला, गिटार घेऊन कमरेत लचकणारा हिरो, एवढ्यावरून तुमच्या नातवाने तो हुडकून टीव्हीवर लावला.

तुम्ही कोल्हापूरला तो बघायला गेलात ते काही गाण्यांसाठी नाही. कॉलेजची पोरं तसल्या चिकट पँटी शिवून मागायला लागली होती, आणि आपल्या बांबवड्याच्या दुकानात तो कट कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पँट बघून झाली, मध्यंतर झालं, आणि शेवटची एसटी चुकायला नको म्हणून तुम्ही उठून आलात. हे मला आईने सांगितलं, तेही तुम्ही गेल्यावर. तोवर मी धरून चालले होते की तुम्ही अख्खा सिनेमा बघितलाय, कारण पुढचा अर्धा तुम्हीच तर मला सांगायचात. राग नाही आला. हसूच आलं. अजून दिसतं मला, तुम्ही मशीनवर आहात, पायडल चाललंय, मी खाली बसून काजं करतेय. मी गणितात नापास झाले त्या वर्षी तुमचा हिरो गाण्याच्या स्पर्धेत सपशेल पडला. "पडला, पर घाबारला न्हाई. फुडच्या साली पुन्हा हुबा ऱ्हायला," तुम्ही दोरा दातांनी तोडत म्हणालात. आई मिरजेला दवाखान्यात होती तेव्हा त्याची हिरॉइन आजारी पडली आणि खडखडीत बरी झाली. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्याचंही मोडलं, आणि बरंच झालं म्हणे, कारण मुलगीच नकचढी होती. इंग्रजीचं एक अक्षर कळत नसलेल्या माणसाने इतक्या ठामपणे इतक्या थापा माराव्यात, कमाल आहे तुमची.

आता माझं सांगते. हे गेल्यापासून मी अबुधाबीत एकटीच आहे. मुसफ्फातल्या शाळेच्या ऑफिसात नोकरी चालू आहे, म्हणून दिवस निघतो. घरी आलं की वाटीभर भात लावायचा आणि टीव्हीशी बोलायचं. मुलगा दुबईत असतो, शनिवार-रविवार माझ्याकडे येतो. त्याला मेलबर्नची नोकरी चालून आली आहे, चांगली आहे, आणि पठ्ठ्या होकारच कळवेना. दर आठवड्याला मलाच विचारायचा, "आई, बट यू विल बी ओके, ना?" मी म्हणायचे, मला काय धाड भरलीय? त्याला ते पटायचं नाही. पटावं असं माझ्या बोलण्यात काही नसणार.

तर रविवारी आम्ही सोफ्यावर बसून तुमचा सिनेमा बघत होतो. पहिल्यांदा तो खूप हसला, "आई, धिस इज सो चीझी!" म्हणाला. मग हातातला मोबाइल बाजूला ठेवून बघायला लागला. अण्णा, त्या सिनेमात एक बाई आहे, तिच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. समुद्रकाठच्या घरात हिरो भाड्याने राहतो, त्या घराची मालकीण. विधवा, पन्नाशीची. त्याला सकाळी अंडी करून देते, केस काप म्हणून मागे लागते, तो गायला लागला की हातातलं काम ठेवून खिडकीशी येते. बिनकटाचा ढगळ झगा घालते, तेव्हा तुमचं लक्ष जायचं कारण नाही. हिरो हिरॉइनच्या मागे शहरात जायला निघतो, तेव्हा ती त्याची बशी हातात घेऊन दारात उभी असते. पुढे बंदरावरचा प्रसंग लागला, तुमची गोष्ट तिथवरच सिनेमाशी जुळत होती, आणि मी ओळखलं, इथे तुम्ही उठलात. तेवढ्यात खालून मुलाच्या कारलिफ्टवाल्याचा फोन आला, "भाई, सब बैठ गये, यल्ला!" पाच जणांत मिळून गाडी, ती कुणासाठी थांबत नाही. "तू बघ, आई. मला सांग व्हॉट हॅपन्स," असं म्हणत तो बूट घालत पळाला.

मी एकटीने पुढचा अर्धा बघितला. तो स्पर्धा जिंकतो. हिरॉइन परत येते. बोटीवर लग्न लागतं, सगळे झाडून गातात, नाचतात. ती बाई कुठेही नाही. लग्नातसुद्धा नाही. 'द एंड'ची पाटी पडून नावं सरकायला लागली तरी मी बघतच होते.

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "सो? जिंकला?"

"जिंकला. लग्नही झालं."

त्याने पुढे विचारलं, "अँड दॅट लँडलेडी? तिचं काय झालं?"

माझी पोळी तव्यावर होती. मी म्हटलं, "ती ना? तिची मजा झाली. दोन नवे भाडेकरू ठेवले, पियानो शिकायला लागली. लग्नाला आली, पहिल्या रांगेत बसली. शेवटच्या गाण्यात नाचलीसुद्धा."

"रिअली? शी डान्सेस?"

"मग! त्या कोंबडेवाल्यापेक्षा बरी नाचते."

तो खळखळून हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. मग म्हणाला, "ओके, आई. मी मग साइन करतो."

पोळी करपली होती, ती मी तशीच खाल्ली. त्याने जावं असंच मला वाटतं, अण्णा, आणि जाऊ नको असं ओरडावंसंही वाटत होतं. मशीनवर बसून मला धीर देताना तुमचंही मन असंच दोन्हीकडे ओढत होतं का, हे विचारायला आता तुम्ही नाही. हे पत्र कुणाला मिळणार नाही, म्हणून तर लिहवलं. तो सिनेमा मी आता रोज लावते. पहिला अर्धाच. ती बशी घेऊन दारात येते, तिथवर बघते आणि बंद करते.