डावीकडे दगड आहे

५ ऑक्टोबर, रविवार

चिरंजीवांचा पुन्हा फोन. गाडी विकायची! गिऱ्हाईक ठरलंय, महिनाअखेरीस येऊन घेऊन जाईल. म्हणजे मला विचारलं नाही, कळवलं. "बाबा आता बहात्तरचे झाले, आई." जशी काही ही बातमी मला त्याच्याकडून कळायची होती.

मागून सूनबाईंचा आवाज — हल्ली टॅक्सी किती सोयीची पडते वगैरे. सोय! माणूस सोयीसाठी डोंगर बघायला जातो का?

हे समोरच बसले होते. वर्तमानपत्र तोंडासमोर. एक अक्षर बोलले नाहीत. बेचाळीस वर्षं गाडी चालवली, एकदाही दंड भरला नाही, आणि पोरगं किल्ली काढून घेतंय तर हे हवामानाचा अंदाज वाचतायत.

शेवटी मीच सांगितलं. आम्ही आठवडाभर इथे डोंगरात राहायला आलो आहोत. चार रस्ते नकाशावर आखलेत, एकेका दिवसाचे. रोज संध्याकाळी लिहून ठेवीन — किती किलोमीटर, किती वळणं, गाडीला ओरखडा आहे की नाही. अडतीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या आहेत, पुरावा कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. आठवड्यानं वाचून दाखवीन, मग बोल. तो म्हणाला, "आई, ऐक तर—" मी फोन ठेवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

खिंडीचा रस्ता. जाऊन येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर. चढणीला एकेचाळीस वळणं, मी मोजली. ओरखडा नाही.

हा रस्ता दोनशे वर्षांपूर्वी सैन्यानं हातानं फोडला. कड्यावर पलटणींची नावं कोरलेली आहेत, छिन्नीचे घाव अजून ताजे वाटतात. खाली नदी दोऱ्याएवढी. वर वारा असा, की माझा स्कार्फ गेला तो गेलाच. आता कुठल्या तरी बकरीच्या गळ्यात असेल.

हे काय सुंदर चालवतात! घाई नाही, दणका नाही. मी आपली नेहमीसारखी — डावीकडे दगड आहे, डावीकडे कठडा संपला, मागून ट्रक येतोय, त्याला जाऊ द्या. "दिसला, दिसला," हे म्हणतात. चिरंजीव लहानपणापासून मला 'बोलता हॉर्न' म्हणतो. नातवंडांनाही शिकवलंय. म्हणेनात का. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, या मुलीची जीभ सुईदोऱ्यानं शिवली तरी ती टाके मोजून दाखवील.

७ ऑक्टोबर, मंगळवार

विश्रांती. गुडघे बोलले. यांनी दिवसभर डोळ्यांत थेंब घालून पडून राहणं पसंत केलं. धूळ गेली म्हणे.

८ ऑक्टोबर, बुधवार

जुना जकात नाका. एकशे दहा किलोमीटर. ओरखडा नाही.

पूर्वी डोंगरापलीकडून येणाऱ्या प्रत्येक खेचराचं ओझं इथे उतरवून तोलायचे. तराजूचा लाकडी दांडा अजून छताला टांगलेला आहे, माणसाच्या मांडीएवढा जाड. बघण्यासारखं आहे खरं. पण तिकीटवाला! मला म्हणाला, आजी, तुम्हाला पायऱ्या झेपायच्या नाहीत, खालूनच फोटो बघा. मी चढले. सगळ्या चढले. वरून त्याला हात केला. धाप लागली होती ते त्याला तिथून दिसायचं कारण नव्हतं.

खालच्या उपाहारगृहात यांनी माझा चहा सांडला. हातानं पेला उडवला, सरळ माझ्या पदरावर. मी म्हटलं, अहो, समोर ठेवलेला पेला दिसत नाही? हे म्हणाले, समोर नव्हता. तर काय छतावर होता? पुरुषांना स्वतःचा वेंधळेपणा मान्य करायला जीव जातो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तळ्याकाठचा रस्ता. सत्तर किलोमीटर. ओरखडा नाही. तळं छान होतं. बाकी दिवस नासला.

परतताना वाटेतल्या एका जुन्या बुरुजापाशी डबा खायला थांबलो. मी मोठ्या उत्साहानं हिशेब सांगत होते — तीन दिवस, दोनशे चौसष्ट किलोमीटर, आता बोलू दे म्हणावं त्याला. तर हे ब्रेडचा तुकडा मोडत म्हणतात, "पोरगं काही अगदीच चुकीचं बोलत नाहीये."

मी घास तसाच खाली ठेवला. मी कुणासाठी भांडते आहे? माझी का गाडी आहे? मला तर चालवताही येत नाही! ज्याच्यासाठी वकील उभा राहावा, त्यानंच पिंजऱ्यात उभं राहून गुन्हा कबूल करावा. असे अशील मी पाहिले आहेत. वकील नंतर त्यांचं तोंड बघत नाहीत.

म्हटलं, ठीक आहे. आता मी एक शब्द बोलणार नाही. मुक्कामी येईपर्यंत बोलले नाही. तेवढं काही नव्हतं, उरलेला रस्ता सरळ होता. उद्याही नाही. शाळेत शिक्षा म्हणून अख्खा दिवस मौन असायचं, मी दोनदा विक्रम केला आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिहिते. जसं झालं तसं.

कमानी पुलाचा रस्ता. चौथा, सगळ्यांत अरुंद. डावीकडे, माझ्या बाजूला, दरी; उजवीकडे डोंगर. मी मौनात. निघाल्यापासून हे दोनदा म्हणाले, अगं, बोल की काहीतरी. मी खिडकीबाहेर. तिसऱ्यांदा म्हणाले, "कठडा आहे का गं?" मला वाटलं, मला बोलतं करायची युक्ती. मी ओठ आवळले. गाडी नेहमीपेक्षा हळू होती, रस्त्याच्या मधोमध. तेही मला रुसवाच वाटला.

आठव्या की नवव्या वळणावर कठड्याची दुरुस्ती चालू होती. डाव्या कडेला एक बाई पाटीत खडी भरत होती, पाठमोरी, वाकलेली. समोरून जीप आली. यांनी गाडी डावीकडे घेतली. घेतच राहिले. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील. ती बाई माझ्या खिडकीत मोठी होत गेली.

"अहो, डावीकडे बाई!"

थांबली गाडी. आरसा तिच्या पाटीला लागला, पाटी उलटली, खडी दरीत गेली. बाई बसली खाली. तिला लागलं नाही. मी उतरून दोनदा विचारलं, तिच्या हाताला हात लावून बघितला. ती म्हणाली, "त्यांना मी दिसले नाही का?" रागानंही नाही. नुसतं विचारलं.

मी गाडीत आले तर हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

"दिसली नाही," म्हणाले. "डावा डोळा गेला आहे. जवळजवळ सगळा."

किती दिवस? मार्चपासून. डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले होते. मला सांगितलं होतं बँकेत जातो. ते थेंब धुळीचे नव्हते.

मी म्हटलं, आणि तरी चालवलीत? सोमवारी खिंडीत? एकेचाळीस वळणं?

"तू बोलत होतीस ना," हे म्हणाले. "डावीकडचं सगळं तू सांगतेस. चाललं होतं."

दुरुस्तीवरच्या मुकादमानं त्यांचा ट्रकवाला दिला, त्यानं आमची गाडी खाली आणली. हे मागच्या सीटवर बसले. त्या गाडीत मागे बसलेलं मी त्यांना आज पहिल्यांदा पाहिलं. ट्रकवाल्याला मी सबंध रस्ता काहीही सांगितलं नाही.

आरशावर ओरखडा आहे. बोटभर.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर भांडले. मनातल्या मनात, कारण समोर भांडायला गेले की हे मान डोलावतात, आणि मान डोलावणाऱ्याशी भांडता येत नाही.

संध्याकाळी म्हणाले, किल्ला राहिला. यादीत नव्हता, पण त्यांना लहानपणापासून बघायचा आहे, शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. रस्ता रुंद आहे म्हणाले. तू बोललीस तर हळूहळू जाऊ.

आणि माझ्या मनात पाप आलं. लिहूनच ठेवते. मला वाटलं, जाऊ. मी क्षणभरही गप्प बसणार नाही. घरी गेल्यावर चिरंजीवांना मागची तीन पानं वाचून दाखवीन, शुक्रवारचं वगळीन. गाडी राहील. असंच आणखी दोन वर्षं चालेल. त्याला काय कळणार आहे!

साक्षीतला अर्धा कागद गाळणारे कारकून मी पाहिले आहेत. एकाला तर मीच पकडून दिलं होतं.

ती बाई सारखी डोळ्यांपुढे येते. पंचविशीची असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. यांनी मागितली नाही, मी काढून घेतली. यांनी बघितलं आणि पेपर उलटला.

आता चिरंजीवांना फोन करायचा. माफी मागायची म्हणजे! त्यानं गाडीचा विषय काढल्यापासून त्याला काय काय बोलले आहे — कृतघ्न, उतावळा, बापाच्या जिवावर उठलेला. हे सगळं गिळून सांगायचं की गाडी घेऊन जा. दुपारी दोनदा नंबर फिरवला आणि ठेवला. सत्तरीला आले तरी चूक कबूल करायची सवय नाही लागली. सिस्टरांनी प्रयत्न पुष्कळ केला.

उद्या सकाळी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

केला फोन. डोळ्याचं सांगितलं, बाईचं सांगितलं. सॉरी म्हटलं, इंग्रजीत, तेवढं सोपं जातं. मग म्हणाला, "आई, डोळ्याचं मला माहीत नव्हतं. पण गाडी विका असं मी आपणहून म्हणालोच नव्हतो. ऑगस्टमध्ये बाबांचा फोन आला. म्हणाले, माझा आता माझ्यावर भरवसा नाही, पण तुझ्या आईला सांगायची छाती नाही. तू मागणी कर. शिव्या तू खा."

मग तू हे रस्ते का थांबवले नाहीस, विचारलं. म्हणाला, तू फोन ठेवलास. रात्री बाबांना केला तर ते म्हणाले, तिनं चार रस्ते आखलेत, तिची इतकी खात्री आहे, मी नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

यांना काही बोलले नाही. बोलणारही नाही. खाली स्टँडवर जाऊन उद्याच्या किल्ल्याच्या बसची दोन तिकिटं काढून आणली. उजवीकडच्या खिडकीची मागितली.