कोरा गाल

१० नोव्हेंबर, आलापल्ली

पोचलो एकदाचे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची धुराडी आणि वाळत घातलेल्या चादरींवरची राख मागे राहिली, आणि इथं दार उघडलं की सागच साग. आदेशची बदली इथल्या लाकूड डेपोत झाली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. ते आज क्वार्टरचा ओटा पाहून आपोआप सरळ झालं. शेजारची रीना सामान उतरायच्या आत चहा घेऊन हजर. बडबडी आहे, मला आवडली. तिला नुकतेच दिवस गेलेत हे तिनं पहिल्या घोटालाच सांगून टाकलं, आणि मग आदेशकडून आधीच कळलेली माझी गोष्ट आठवून जीभ चावली. मी हसले. हसता येतंय मला आता.

संध्याकाळी आदेशनं डेपो दाखवला. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानं ठसा मारतात. ठसा नसेल तर लाकूड कितीही उमदं असो, बेवारस. आदेश त्याला कोरं म्हणतो.

येण्याआधी गालांवरच्या डागांसाठी मागवलेला मास्कही खोक्यातून काढला. पांढरं प्लास्टिक, डोळ्यांना भोकं, आतून लाल दिव्यांचे दाणे. घालून स्वयंपाकघरात गेले तर आदेश म्हणाला, तुला डेपोच्या फाटकावर बसवतो, चोरी कायमची बंद होईल.

१२ नोव्हेंबर

मास्क ठेवायचा की परत पाठवायचा, हे ठरवायला बसले आहे. चंद्रपूरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांचं म्हणणं, पुटकुळ्यांना आणि बारीक सुरकुत्यांना असल्या उजेडाचा थोडाफार उपयोग होतो, पण नेमानं लावावा लागतो आणि घरचे मास्क दवाखान्यातल्या मशीनएवढे जोरकस नसतात. वांगाची खात्री त्या देईनात. उलट उजेडानं नि उष्णतेनं वांग गडद होऊ शकतो म्हणाल्या. उन्हात जाताना मलम लाव, ओढणी घे, ते जास्त कामाचं. म्हणजे शहाण्या बाईनं परत पाठवावा.

मी शहाणी नाही. माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत, फुलपाखराच्या पंखांसारखे. पोटुशी असताना उठले. मुलगी आली, बारसं व्हायच्या आधी गेली. डाग राहिले. तिला पाजताना तिचा इवलासा पंजा उचलून मी या डागावर ठेवायचे. आता तोंड धुताना रोज तो डाग हाताला लागतो. मला तो नको आहे. करून बघते.

१९ नोव्हेंबर

फरक दिसतोय! आदेशनं आपणहून सांगितलं, आणि त्याला तर मी केस कापले तरी चार दिवस कळत नाही.

धुणीभांड्याला येणारी मंगली मात्र मास्क पाहून दारातच थबकली. जवळच्या टोल्यावरची, आदिवासी पाड्यावरची आहे, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. मी तिला चिडवलं की या मास्कनं तुझं गोंदणही जाईल. ती हसली नाही. म्हणाली, "सोनं-नाणं इथीच राह्यते बाई. गोंदण संगं येते. तिकडं गेल्यावर आपल्या मायनं वळखाव कायनं मंग?"

दुपारी पडदे ओढून मास्क लावून पडले होते. दुधाचा वास आला. माझ्याच अंगाला यायचा तसा. मग डाव्या गालावर काहीतरी टेकलं. मास्कच्या आतून, दिवे आणि कातडी यांच्यामध्ये. इवलासा पंजा. मी हलले नाही. किती दिवसांनी इतकी सुखानं रडले.

२३ नोव्हेंबर

रोज दुपारी येते. आदेशला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला चंद्रपूरला डॉक्टरकडे नेईल आणि ती इथं येऊन परत जाईल.

पण आज पंजा स्थिर नव्हता. गालभर फिरत होता. मास्क काढून आरशात पाहिलं, डाग जवळजवळ पुसलेत. आणि डाग होते तिथं बारीक ओरखडे. आदेश म्हणाला, झोपेत खाजवत असशील, नखं काप.

माझी नखं कापलेलीच आहेत.

२६ नोव्हेंबर

गाल साफ. लग्नातल्या फोटोत होते तसे. मंगली भांडी घासता घासता एकदम म्हणाली, "ते तं तुमच्या पोरीनं देल्लं होतं ना बाई. पुसून काऊन टाकलं?"

मी विचारलं, आता काय करू. तिनं राखेचे हात झटकले.

दुपारी माझी पोर आली. चाचपलं. मग रडायला लागली. अनोळखी बाईच्या कडेवर दिल्यावर लेकरू रडतं तसं. मी इथंच आहे गं, म्हणत राहिले. पण हाक काय मारू? नावच ठेवलेलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

रडणं आता माझ्या खोलीत नाही. भिंतीपलीकडे आहे. रीनाकडे.

आज रीना ओट्यावर आली होती. तिच्या गालांवर वांग उठलाय, ताजा, तपकिरी. हसत सांगत होती की दुपारी पडलं की गालावर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं, गरोदरपणात काय काय भास होतात. बरं वाटतं म्हणाली. झोप छान लागते.

मला उठून तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. देवा, मला काय होतंय —

३० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उष्णतेनं गडद होऊ शकतो. म्हणून सकाळपासून मास्क घालून आहे. बंद पडला की पुन्हा चालू. मधल्या वेळात उन्हात तोंड धरून बसते. आदेश घाबरलाय, रजा टाकतो म्हणतो.

चेहरा भाजल्यासारखा दुखतो. डाग नाही. कोरा.

भिंतीपलीकडे ती आता रडत नाही. दूध प्यायल्याचा आवाज येतो.

१ डिसेंबर

रीना आली. मास्क हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. म्हणाली, "ताई, मी पन घेऊ काय असा? की तुमचाच देता? तुमचं तं पूरं गेलं."

फक्त हो म्हणायचं होतं. तिचे डाग गेले असते. पोर तिकडूनही बाहेर पडली असती, आणि भटकत भटकत कदाचित —

आणि रीनाचं पोटातलं? त्यानं कोणाला ओळखायचं?

मी म्हणाले, घेऊ नकोस. काही कामाचा नाही. गालावरचं आहे तसं राहू दे. तिचा विश्वास बसेना. ती गेल्यावर मास्क बत्त्यानं फोडला.

माझी मुलगी मी शेजारी देऊन टाकली आहे.

३ डिसेंबर

एक गोष्ट उरली होती. बारसं.

आदेश डेपोत गेल्यावर भिंतीला कान लावून मी तिचं नाव ठेवलं. पहिल्यांदाच, मोठ्यानं. पुन्हा. पुन्हा.

पलीकडचा आवाज थांबला —

आली. दुधाचा वास — मास्क नाही तरी आली. माझी बाय ती. नाव कळलं तिला —

हात गालावर. शोधतेय. तिथं नाही गं, पुसलं मी, चुकले —

खरवडतेय. खूप लागतंय. लिहिताना वहीवर थेंब — खरवडू दे. आत डाग असेल अजून थोडा, कातडीच्या खाली, तिला सापडेल, सापडला की ओळखेल, अजून थोडं खाली, बाळा, अजून —