पान एकतीसवरचा तक्ता

१२ जानेवारी, सोमवार

त्र्याण्णव पोरांनी बरोबर लिहिलं आणि ही एकटी पायल!

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे विज्ञानाचे पेपर तपासतेय. दोन तुकड्या, चौऱ्याण्णव उत्तरपत्रिका. बहिर्वक्र भिंगाचा तक्ता विचारला होता. वस्तू भिंगापासून किती लांब ठेवली की प्रतिमा कुठे पडते, केवढी पडते – सहा ओळी, तीन मार्क. माझ्या नोट्समध्ये पान एकतीस. त्याला मी तीन चांदण्या दिल्या आहेत. एक चांदणी म्हणजे येऊ शकतं, दोन म्हणजे बहुतेक येतंच, तीन म्हणजे डोळे मिटून पाठ करा! आणि ही बाई शेवटच्या ओळीत लिहिते – 'प्रतिमा वस्तूच्याच बाजूला'. बाकी पाच ओळी बरोबर. माझा तक्ता शेजारी ठेवूनच तपासते मी, फटाफट होतं. ओळीला अर्धा, पण मी अख्खा एक मार्क कापला आणि लाल पेनने लिहिलं, 'नोट्स उघडायला काय धाड भरली?'

वर्षभर घसा कोरडा करायचा आणि हे फळ.

१३ जानेवारी, मंगळवार



पेपर वाटले. पायल टेबलापाशी आली. "मॅडम, माह्या पुस्तकात असंच हाय." कोणतं पुस्तक वं? तिने दप्तरातून काढलं. गुळगुळीत कव्हर, त्यावर टाय लावून हसणारा पोरगा. 'हमखास विज्ञान'! नंदनवन भागातल्या एका क्लासने छापलंय. (क्लासचं नाव इथे लिहून माझी वही बाटवणार नाही.) तिचे बाबा बुटीबोरीला कारखान्यात आहेत, त्यांनी शिफ्टवरून येताना कौतुकाने आणलं होतं.

उघडलं. पान सात. 'सावजीचा रस्सा जीभ भाजतो, भाकर भाजत नाही – काहून?'

हे माझं वाक्य आहे! विशिष्ट उष्मा शिकवताना मी लिहिलेलं! पान बावीस – 'बाबांचा कूलर १८० वॅटचा. मे महिन्यात रोज चौदा तास चालतो. तर युनिट किती?' माझे बाबा! माझ्या हॉलमधला कूलर! कळमना मार्केटच्या ट्रकवरून पडणारी संत्र्याची पेटी, तीही माझी. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात जशीच्या तशी पडून राहिली आहे. आणि चांदण्या! एक, दोन, तीन, जिथल्या तिथे.

पायलला म्हटलं, "चोरीचं पुस्तक घेऊन माझ्या वर्गात येऊ नको." पोरगी रडायला लागली. लागू दे. पुस्तक मी ठेवून घेतलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. स्टाफरूममध्ये डबा फिरत होता. तिळगूळ घ्या, गोड बोला. कोणाशी बोलू गोड?

उन्मेष सर गणिताचे. दोनच वर्षं झाली शाळेत येऊन. त्यांना त्या क्लाससमोर गाडीवर बसलेलं मी दोनदा पाहिलंय. माझ्या नोट्सचा संच त्यांच्याकडे आहे, मीच दिला होता, उदाहरणं बघायला. सरळ विचारलं, सगळ्यांसमोर – "किती मिळाले सर, माझ्या नोट्सचे?"

त्यांच्या हातात तिळाचा लाडू तसाच. म्हणाले, "मॅडम, मी तिथं भाचीले सोडाले जातो." म्हटलं, हो का! भाची! चोराच्या उलट्या बोंबा. हेडसर मध्ये पडले, "मॅडम, शांत व्हा." पन्नाशी उलटली तरी बाईनेच शांत व्हायचं.

उन्मेष सर डबा न खाताच तासाला गेले.

१६ जानेवारी, शुक्रवार

धम्मानंदकडे गेले. शाळेसमोरचं झेरॉक्सचं दुकान. पहिल्यापासून माझ्या नोट्स तोच काढतो. एक मूळ संच त्याच्याकडेच ठेवलेला असतो. मीच सांगून ठेवलंय – कोणत्याही शाळेचं पोरगं येऊ दे, नाव न विचारता काढून दे. एका पोराला कोणीतरी 'तू आमच्या शाळेचा नाही' म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हापासून.

त्याने पुस्तक उजेडात धरलं. "मॅडम, हे आपल्याच मशीनवरचं हाय जी. हे पाहा." आकृत्यांच्या डाव्या कडेला बारीक काळी रेघ. त्याच्या जुन्या मशीनच्या ड्रमवर ओरखडा होता, प्रत्येक कागदावर ती रेघ यायची. चोरांना ती पुसायचीही अक्कल नव्हती! आकृत्या तशाच उचलून छापल्या, रेघेसकट.

"पोलिसात द्या मॅडम, मी साक्ष देतो," म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिला माणूस, ज्याला माझ्याइतका राग आला.

१७ जानेवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर त्या क्लासमध्ये गेले. एसी, काचेचं दार, भिंतीवर गुणवंतांचे फोटो. त्यात माझे तीन विद्यार्थी!

मालकाने थंड पाणी दिलं आणि पुस्तक चाळल्यासारखं केलं. "मॅडम, विज्ञान का कोणाच्या बापाचं राहते का? गुरुत्वाकर्षणावर तुमचा हक्क हाय का?" म्हटलं, गुरुत्वाकर्षणावर नाही हो, संत्र्याच्या पेटीवर आहे! हसला. "पेटी तर कळमन्यात रोजच पडते." वरून म्हणतो, "तुम्ही तर फुकटच वाटता न? मग तरास काहून होऊन राहिला?"

पाणी तसंच ठेवून आले. फुकट वाटते म्हणून मालक नसते का मी? सदावर्तातलं अन्न नेऊन हॉटेलात विकशील का रे?

१९ जानेवारी, सोमवार

उगाच तीन पोरांना झापलं. एकाची काहीच चूक नव्हती.

२४ जानेवारी, शनिवार

तक्रार करायची तर पक्की. आठवडाभर शाळेतून आल्यावर दोन्ही घेऊन बसले – माझ्या नोट्स आणि ते पुस्तक. पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली. चौसष्ट पानं. जिथे जुळतं तिथे बरोबरची खूण. चौसष्ट पानांत जुळत नाही अशी एकच जागा सापडली – पान एकतीस, भिंगाचा तक्ता, शेवटची ओळ. पायलने जे लिहिलं तेच. म्हणजे चोरायचं ते चोरायचं, वरून बिघडवून चोरायचं! अरे, नीट तरी चोरा!

तक्रारीत चौथा मुद्दा मुद्दाम टाकला – 'सदर पुस्तकात तक्त्यात चुकीचा बदल करून विद्यार्थ्यांची दिशाभूल केली आहे.' हा मुद्दा मला सगळ्यात आवडला.

आणि आज शेवटच्या पानावर, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं – 'संकलन : दुर्गेश हटवार'.

दुर्गेश! २०१९ची बॅच. नवीन अभ्यासक्रमाची पहिली बॅच. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या नोट्स नव्याने हाताने लिहून काढल्या होत्या, बोटांना घट्टे पडले होते. पहिल्याच आठवड्यात हा मागच्या बाकावरून उठला. "मॅडम, ह्या तक्त्यात न–" पुढचं मी ऐकूनही घेतलं नाही. मला वाटलं, मस्करी. त्याच्या बाजूची पोरं हसत होती. म्हटलं, "पुस्तक तू लिहून राहिला का मी?" आणि तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं.

तोच हा. सापाला दूध पाजलं मी.

उन्मेष सर नाहीत म्हणजे. ते नंतर बघू.

२८ जानेवारी, बुधवार

दुर्गेशचा नंबर धम्मानंदकडून मिळाला. लावला. "मॅडम!" असा ओरडला, जसा काही मी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला.

म्हणतो, "हव मॅडम, तुमचंच हाय ते. मी मालकाले म्हटलं होतं मॅडमचं नाव टाका, तर ते म्हणे शाळेतल्या बाईचं नाव पाहून पुस्तक कोण घेईन." वर म्हणतो, "आमच्या क्लासमधल्या पोरायलेबी तुमच्या नोट्स भेटाले पाहिजे न मॅडम?" मग मागायच्या होत्या! मी आयुष्यात कोणाला नाही म्हटलंय का? मागायला लाज वाटली आणि छापायला नाही वाटली?

शेवटी तो हळूच म्हणाला, "मॅडम, म्या एकच ओळ बदलवली. तेवढी एक डाव पाहून घ्या. पुरा तास बाहेर उभा होतो न, तो तक्ता मले आजबी पाठ हाय."

"तू मले शिकवशील?" म्हणून फोन आपटला. राग आला की माझी शाळेतली मराठी गळूनच पडते.

तक्रार सोमवारी पोलिस ठाण्यात द्यायची. मंगळवारी दहावीचा निरोप समारंभ, मग पोरं अभ्यासाच्या सुट्टीवर. एकदाचं सगळं संपू दे.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. त्यांचं ते मोठं भिंग घेऊन. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्याशिवाय त्यांना जमत नाही. मी चहा घेऊन गेले. "पाह्य वं, अक्षर कसं भाकरीएवढं दिसते," म्हणाले. रोजच म्हणतात. मी पण रोजच्यासारखं वाकून पाहिलं.

भिंग पेपरपासून चार बोटं वर. म्हणजे वस्तू नाभीच्या आत – तक्त्यातली शेवटची ओळ. अक्षर मोठं, सुलटं. आणि दिसतंय कुठे? खाली! पेपर आहे त्याच बाजूला! दुसऱ्या बाजूला तर बाबांचा डोळा होता.

चहा तिथेच ठेवला. आत जाऊन पान एकतीस काढलं. वरची आकृती बरोबर काढली आहे मी – किरण मागे वाढवून, तुटक रेषेने, प्रतिमा वस्तूच्याच बाजूला. माझ्याच हाताने! आणि त्याच्या खाली, दोन इंचांवर, तक्ता. पहिल्या ओळीत लिहिलं 'दुसऱ्या बाजूला', आणि मग त्या रकान्यात खाली डिट्टोच्या खुणा ओढत गेले. दुसरी ओळ डिट्टो, तिसरी डिट्टो, चौथी, पाचवी. आणि सहावीलाही डिट्टो! सुट्टी संपत आली होती, हात दुखत होता, आणि मी डिट्टो ओढत गेले.

सरकारी पुस्तकात बरोबर आहे. आत्ताच पाहिलं. पण पुस्तक उघडतो कोण? मीच सांगते ना दरवर्षी – पुस्तक मिटा, नोट्स उघडा, तीन चांदण्या पाठ करा! पोरांनी ऐकलं माझं. सात बॅचनी ऐकलं. त्यातल्या एका वर्षी परीक्षाच झाली नाही, तेवढे सुटले. बाकीच्यांचे मार्क मी खाल्ले. कोण एका मार्काने राहिलं असेल, कोणाचा प्रवेश हुकला असेल, कुठे शोधू आता त्यांना? आणि यंदा आठवडाभर मी पेन्सिल घेऊन दुसऱ्याच्या चुका शोधत बसले होते. माझ्या नाकाखाली होतं सगळं! त्र्याण्णव जणांना चुकीच्या उत्तराचे मार्क दिले आणि जिने बरोबर लिहिलं तिला रडवलं. पायलला. आणि उन्मेष सरांना. आणि त्या पोराला तासभर दाराबाहेर. बरोबर बोलला म्हणून!

चोर आहेतच ते. मालक तर पक्का चोर. तक्रार मी देणारच, फक्त चौथा मुद्दा खोडलाय. इतका जोरात खोडला की कागद फाटला.

बाबा गॅलरीतून विचारत होते, "काय झालं वं? चहा थंडा झाला."

२ फेब्रुवारी, सोमवार

उन्मेष सरांची माफी मागितली, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. त्यांनी मान हलवली आणि तासाला गेले. पायलला तिचं पुस्तक परत केलं, मार्क परत दिला.

पण त्याआधी, शाळा भरायच्या आधी, धम्मानंदकडे. 'हमखास विज्ञान'चं पान एकतीस. त्यावर समासात मी माझ्या हाताने लिहिलं – 'मॅडमच्या नोट्समधला तक्ता चूक आहे. हा बरोबर आहे. दुरुस्ती : दुर्गेश हटवार, २०१९ची बॅच.' आणि पान काचेवर पालथं घातलं.

धम्मानंद चष्म्यावरून बघत राहिला. "मॅडम, हे तर त्याच चोरायचं पुस्तक हाय न जी?"

"हव. चौऱ्याण्णव काढ."